दाढ काढायला कोणाकडे जायचं? ओरल सर्जन शोधण्याची सोप्या भाषेतली गोष्ट

दोन वर्षांपूर्वी, गणपती आठवड्यावर आले असताना माझी खालची उजवी अक्कलदाढ ठणकायला लागली. गाल सुजला, तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं, घास तिरका करून आत सरकवायचा. घराजवळच्या क्लिनिकमध्ये गेलो, पाच दिवस गोळ्या खाऊन सूज उतरवली आणि मग दाढ काढायला बसलो. दहा मिनिटांचं काम आहे म्हणाले. सव्वा तास झाला. माझी मान आखडली, डॉक्टरांच्या कपाळावरचा घाम मला खालून दिसत होता, मधेच कट्ट आवाज आला आणि दाढेचा वरचा तुकडा तुटून चिमट्यात आला, मुळं आत तशीच. त्यांनी कापसाचा बोळा दाबला, मास्क खाली केला आणि म्हणाले, "काळजी करू नका, शनिवारी आमचे सर्जन येतात, ते काढतील."

तोंडात बोळा होता म्हणून गप्प बसलो, नाहीतर विचारणारच होतो, मग इतका वेळ माझ्या तोंडात कोण होतं?

डॉक्टर माणूस वाईट नव्हता हो, आमच्या घरातल्या सगळ्यांची रूट कॅनल त्यानेच केलीत आणि चांगली केलीत. चूक माझीही होती, कारण मला तेव्हा माहीतच नव्हतं की दातांच्या डॉक्टरांमध्ये पण वेगवेगळे असतात आणि जबडा, हाड, नस असा मामला आला की त्याचा डॉक्टर वेगळा असतो. मी डॉक्टर नाही, पण त्या दाढेनंतर काकांचं तोंड आणि भाच्याचा जबडा अशी लागोपाठ प्रकरणं घरात झाली आणि मी बऱ्यापैकी शिकलो, ते लिहितोय.

तर आधी डिग्रीची भानगड. आपल्याकडे दातांचा डॉक्टर म्हणजे बीडीएस, पाच वर्षांचा कोर्स, त्यात इंटर्नशिप आली. बीडीएस म्हणजे बॅचलर ऑफ डेंटल सर्जरी. त्यापुढे आणखी तीन वर्षं केली की एमडीएस, म्हणजे मास्टर ऑफ डेंटल सर्जरी. गोची बघा, सर्जरी हा शब्द सगळ्यांच्याच डिग्रीत आहे, त्यामुळे पाटीवर "डेंटल सर्जन" असं लिहिलेला माणूस साधा दातांचा डॉक्टर असतो आणि त्यात खोटं काहीच नसतं, त्याची डिग्रीच तशी आहे. एमडीएस नऊ विषयांत होतं. वाकडे दात तारा लावून सरळ करणारे एमडीएस, लहान मुलांचे दात बघणारे एमडीएस, कवळी आणि कॅपवाले एमडीएस, हिरड्यांवाले एमडीएस, इतकंच काय मायक्रोस्कोपखाली तुकडे तपासणारे पण एमडीएस. त्यामुळे पाटीवर नुसतं एमडीएस दिसलं की समजायचं काहीच नाही, विचारायचं "डॉक्टर, एमडीएस कशात?" हा प्रश्न विचारायला मला पहिल्यांदा फार ओशाळल्यासारखं झालं होतं, पण डॉक्टर लोक अजिबात चिडत नाहीत, उलट खूश होतात की कोणीतरी विचारलं.

आपल्याला हवं ते उत्तर म्हणजे ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरी. मॅक्सिला म्हणजे वरचा जबडा आणि फेशियल म्हणजे चेहऱ्याचं, पार्लरमधलं नाही (आमच्या आत्याने हे खरंच विचारलं होतं). बोलताना सगळे ओरल सर्जन म्हणतात, डॉक्टर आपापसात मॅक्सफॅक्स म्हणतात, आणि सरकारी पाटीवर मुखशल्यचिकित्सा असं काहीतरी भारदस्त असतं. काम मात्र एकच, तोंड, जबडे आणि चेहऱ्याची हाडं. हाडात अडकलेली अक्कलदाढ, जबड्यातली गाठ, चेहऱ्याचं फ्रॅक्चर, कानासमोरचा जबड्याचा सांधा, फाटलेला ओठ आणि टाळू, पुढे आलेला किंवा मागे गेलेला जबडा कापून जागेवर बसवणं, हे सगळं त्यात येतं.

परदेशातल्या मंडळींसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो कारण आमच्या नात्यात यावरून फोनवर वाद झालाय. इंग्लंडमध्ये या कामाच्या सर्जनला साधारणपणे डेंटल आणि मेडिकल अशा दोन्ही डिग्र्या लागतात. अमेरिकेत डेंटल डिग्रीनंतर निदान चार वर्षांची हॉस्पिटलमधली रेसिडेन्सी असते, काहीजण त्यातच एमडीही करून सहा वर्षं घालवतात. आपल्याकडे बीडीएसनंतर थेट तीन वर्षांचं एमडीएस. म्हणून तिकडून कोणी म्हणालं की "अरे तो तर डेंटिस्ट आहे, फ्रॅक्चरचं ऑपरेशन कसा करेल", तर घाबरू नका, त्याचं ट्रेनिंगच त्यासाठी असतं.

हा विषय डेंटलवाल्यांकडे आला कसा, तर चेहऱ्याचं हाड नीट जुळलं की नाही याची सगळ्यात पक्की खूण म्हणजे दात. खालचे दात वरच्यांवर पूर्वीसारखे बसले म्हणजे हाड जागेवर आलं. रने ल फोर नावाच्या फ्रेंच सर्जनने १९०१ साली मृतदेहांच्या चेहऱ्यांवर वेगवेगळे आघात करून पाहिलं की वरचा जबडा कुठे तुटतो, आणि त्याला दिसलं की तो साधारण ठरावीक तीन रेषांवरच तुटतो. आजही भाच्यासारखा कोणी बाईकवरून पडला की सीटीच्या रिपोर्टमध्ये त्याच सर्जनच्या नावाने "ले फोर्ट टू" (म्हणजे दुसरी रेष) असं लिहून येतं आणि आपण गूगल करत बसतो. पहिल्या महायुद्धात खंदकातून डोकं वर काढणाऱ्या सैनिकांचे चेहरे इतके फुटले की सर्जन आणि दातांचे डॉक्टर एका टेबलावर आले, तिथून हा विषय वाढला.

आता मुद्द्याचं. प्रत्येक दाढेला सर्जन लागतो का? नाही. सरळ उगवलेली, हलणारी, नीट दिसणारी दाढ आपला नेहमीचा डॉक्टर आरामात काढतो, त्यासाठी लांब जाऊन पैसे घालवायची गरज नाही. अक्कलदाढ साधारण सतरा ते पंचवीसच्या वयात येते आणि तोपर्यंत जबड्यात जागा उरलेली नसते, मग ती आडवी झोपते, अर्धी हिरडीखाली राहते, तिथे अन्न अडकतं आणि माझ्यासारखी सूज येते. अशी आडवी किंवा हाडात रुतलेली असेल तर सर्जन. आणि दुखतच नसेल, काही त्रासच नसेल तर? ब्रिटनमध्ये २००० सालापासून सरकारी धोरणच आहे की बिनत्रासाची निरोगी अक्कलदाढ उगाच काढायची नाही. आपल्याकडे "आज ना उद्या त्रास देईलच, काढून टाकू" असं सर्रास म्हणतात, त्यात कधी तथ्य असतं, कधी नसतं, निदान "आत्ताच का?" एवढं विचारायला हरकत नाही.

बाकी कोणत्या तक्रारीला कुठे जायचं ते माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. वरची दाढ काढल्यावर चहा प्यायला आणि नाकातून आला, तर दाढेच्या मुळाजवळ सायनसचा पडदा फाटलाय, त्यासाठी ओरल सर्जन. जबडा उघडताना कानापाशी कट कट वाजतं, सकाळी दुखतं, तर ते बहुतेक वेळा ऑपरेशनचं काम नसतंच, मऊ खाणं, शेक, रात्री दातांवर घालायची पट्टी यावर भागतं, आणि पहिल्याच भेटीत सांध्याचं ऑपरेशन सांगणाऱ्यापासून जरा जपून राहावं असं माझं स्पष्ट मत. जांभई देताना जबडा उघडा तो उघडाच राहिला, मिटतच नाही, तर सांधा निसटलाय, त्याला सर्जन दोन्ही अंगठे खालच्या दाढांवर ठेवून खाली आणि मागे दाबून बसवतात, बघायला भीती वाटते पण मिनिटाचं काम आहे, फक्त घरी युट्यूब बघून करू नका. लहान मूल हनुवटीवर आपटलं आणि हनुवटीला टाके पडले, तर नुसते टाके घालून घरी येऊ नका, कानासमोर दुखतंय का, तोंड पूर्ण उघडतंय का ते बघा. हनुवटीचा मार हाडातून वर जाऊन सांध्याशी फ्रॅक्चर करू शकतो, आणि ते नजरेतून सुटलं तर पुढे सांधा हाडाने जोडून जाऊन मुलाचं तोंडच उघडेनासं होऊ शकतं, वर तो जबडा नीट वाढतही नाही. ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते म्हणून जरा जोर देऊन सांगतोय.

बाळ फाटलेला ओठ किंवा टाळू घेऊन जन्मलं तर घरच्यांना पहिल्या दिवशी ग्रहण वगैरे ऐकवणारे खूप भेटतात, त्यांना बाजूला ठेवा. ओठ साधारण तीन ते सहा महिन्यांत शिवतात, टाळू नऊ ते अठरा महिन्यांत, म्हणजे बोलायला लागायच्या सुमारास. हे काम कधी प्लास्टिक सर्जन करतो, कधी ओरल सर्जन, खरं महत्त्व टीमला आहे कारण पुढे स्पीच थेरपी, कान, तारा सगळं लागतं. स्माइल ट्रेन ही संस्था भारतभर ठिकठिकाणच्या हॉस्पिटलांमधून ही ऑपरेशन्स मोफत करून देते, त्यामुळे पैशासाठी थांबू नये.

आता काकांचं. काका साताऱ्याकडे शेती बघतात आणि वीस वर्षं मावा खातात, तुमच्याकडे त्याला खर्रा म्हणत असतील. दिवाळीत जेवायला बसले तर भाकरीचा तुकडा उभा जाईना, तिखट आमटीने डोळ्यांतून पाणी. मी म्हटलं काका, तीन बोटं उभी तोंडात घाला. स्वतःची मधली तीन बोटं एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये जातात का, ही साधी परीक्षा आहे, निरोगी माणसाची जातात. काकांची दीड गेली. सुपारीने तोंडाच्या आतल्या त्वचेखाली दोरखंडासारखे पट्टे तयार होतात, गाल पांढरट आणि कडक होतो, त्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात आणि हे नाव १९५३ साली जोशी नावाच्या आपल्याकडच्याच डॉक्टरने दिलंय. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, टपरीवर काय मिळतं ते तुम्हाला माहीत आहे. नुसती सुपारी तर बंदीतही नाही, आणि दोष तिचाच मोठा आहे, तंबाखू नसली तरी. हा आजार कॅन्सरच्या अलीकडचा टप्पा धरतात, म्हणजे प्रत्येकाला कॅन्सर होतोच असं नाही पण लक्ष ठेवावं लागतं.

अशा माणसाला नेमकं कुठे न्यायचं? तोंड उघडत नाही एवढंच असेल तर ओरल सर्जन किंवा ओरल मेडिसिनचा एमडीएस. पण दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, लाल किंवा पांढरा चट्टा, गालात टणक लागणारं काही, मानेत गाठ, दात उगाच हलायला लागणं, यातलं काहीही असेल तर आधी तिथला बारीक तुकडा काढून तपासायचा, म्हणजे बायोप्सी. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे गावोगाव ऐकू येतं आणि ते खोटं आहे. त्या वाक्यापायी माणसं सहा सहा महिने घालवतात. बायोप्सीत कॅन्सर निघाला तर पुढचं ऑपरेशन कॅन्सरच्या हॉस्पिटलातच, जिथे सर्जन, रेडिएशन, केमो सगळे एकत्र बसून ठरवतात. परळचं टाटा सगळ्यांना माहीत असतं, पण आमच्याकडच्या लोकांना सांगतो, बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, प्रत्येक वेळी मुंबईला मुक्काम ठोकायलाच हवा असं नाही. काकांचा तुकडा सुदैवाने साधा निघाला. मावा सुटलाय असं ते म्हणतात, काकू म्हणतात नाही सुटलेला.

आता शोधायचं कसं. इंटरनेटवर "टॉप टेन" म्हणून ज्या याद्या येतात त्या मी बघणं सोडलंय, आणि स्टार रेटिंगमध्ये लोक एसी, पार्किंग आणि रिसेप्शनिस्टच्या बोलण्याला स्टार देतात, दाढ कशी काढली ते रुग्णाला आतून थोडंच दिसतं. माझ्या अनुभवात सगळ्यात चांगला रस्ता म्हणजे आपलाच नेहमीचा दातांचा डॉक्टर. त्याला असं विचारायचं, "तुमच्या स्वतःच्या घरच्यांची अशी दाढ असती तर कोणाकडे पाठवलं असतं?" या प्रश्नाला बहुतेक डॉक्टर एक क्षण थांबतात आणि मग खरं नाव सांगतात. तारा लावणाऱ्या डॉक्टरलाही विचारा, कारण त्यांचे पेशंट अक्कलदाढा काढायला सारखे सर्जनकडे जात असतात आणि परत आल्यावर तोंड कसं दिसतं ते त्यांना कळतं. नाव मिळालं की नोंदणी बघा. कायद्याने प्रत्येक राज्याची दातांच्या डॉक्टरांची नोंदवही असते, आपल्याकडे महाराष्ट्र स्टेट डेंटल कौन्सिल, तिथे नोंद असल्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही आणि सर्टिफिकेट क्लिनिकच्या भिंतीला लावलेलं असतं, त्यावर एमडीएसचा विषय पण वाचा. आठवड्याभराच्या कोर्सची फ्रेम आणि तीन वर्षांच्या डिग्रीची फ्रेम भिंतीवर एकाच साइजची असते, एवढं लक्षात असू द्या.

पैशाची अडचण असेल किंवा गुंतागुंतीचं काम असेल तर डेंटल कॉलेजसारखी जागा नाही. मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर डेंटल, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय कॉलेजं, गोव्यात बांबोळीला गोवा डेंटल कॉलेज, शिवाय पुण्यासारख्या शहरांत खासगी कॉलेजं आहेतच. सकाळी लवकर जायचं, केसपेपर काढायचा, मग ओरल सर्जरी डिपार्टमेंट विचारत जायचं. काम बऱ्याचदा पीजी करणारी, म्हणजे एमडीएस शिकणारी मुलं करतात, याला लोक नाक मुरडतात, पण मागे मॅडम किंवा सर उभे असतात आणि त्या मुलाने त्या महिन्यात काढलेल्या आडव्या दाढा कुठल्याही साध्या क्लिनिकपेक्षा जास्त असतील. वेळ जातो हे खरं, डबा घेऊन जा.

माझी ती अर्धी दाढ शेवटी कोणी काढली ते सांगतो. शनिवारची वाट न बघता मी चौकशी करून एका सर्जन मॅडमकडे गेलो. त्यांनी हात लावायच्या आधी ओपीजी काढून आणायला लावलं. ओपीजी म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकच रुंद एक्स-रे, मशीन डोक्याभोवती फिरतं आणि आपण हनुवटी टेकवून पुतळ्यासारखं उभं राहायचं. फोटो स्क्रीनवर लावून मॅडमनी पेनाच्या टोकाने खालच्या जबड्यातून जाणाऱ्या दोन बारीक पांढऱ्या रेघा दाखवल्या, रेल्वेच्या रुळांसारख्या. म्हणाल्या, "हा नसेचा बोगदा. आणि ही तुमची मुळं. इथे बघा, मुळाच्या टोकाशी वरचा रूळ गायब झालाय, आणि मूळ तिथेच काळपट दिसतंय. म्हणजे नस मुळाला चिकटून असू शकते." ही नस खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते, तिला धक्का लागला तर ओठ बधिर राहतो, बहुतेकांचा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येतो, क्वचित कोणाचा कायमचा जातो. मग त्यांनी सीबीसीटी सांगितला, म्हणजे तेवढ्याच भागाचा थ्रीडी स्कॅन. तो प्रत्येकाला लागत नाही, नस जवळ दिसली तरच. नस फारच चिकटलेली असेल तर कधी कधी दाढेचा वरचा भाग कापून मुळं मुद्दाम आत ठेवतात, असाही एक मार्ग आहे हे मला तिथेच कळलं.

मला सर्जन कसा ओळखावा ते त्या पेनाच्या टोकाने शिकवलं असं म्हणा हवं तर. जो आधी फोटो बघतो, तुम्हालाही दाखवतो, ओठ बधिर होऊ शकतो हे तुम्ही विचारायच्या आधी सांगतो, तिथे बसावं. "काही होत नाही हो" एवढंच म्हणतो तिथून चप्पल घालावी. आणि हो, ओपीजी व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो घासून पुसट होतो आणि ते रूळ दिसत नाहीत. सीबीसीटीची मूळ फाइल सेंटरकडून मागून घ्या, नुसत्या प्रिंटवर दुसऱ्या डॉक्टरला काही सांगता येत नाही.

सर्जनला आपण काय सांगायचं तेही तितकंच महत्त्वाचं. शुगर, बीपी तर सगळे सांगतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या, इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, अॅसिट्रॉम असलं काही चालू असेल तर नाव सांगा आणि स्वतःच्या मनाने बंद करू नका, दाढेतून आलेलं रक्त दाबून थांबवता येतं, बंद केलेल्या गोळीने आलेला अॅटॅक तसा थांबत नाही. हाडं ठिसूळ झाली म्हणून आजीला वर्षातून एकदा सलाइनमधून इंजेक्शन देतात ना, झोलेड्रॉनिक अॅसिड, ते आवर्जून सांगा, लोक ते विसरतातच कारण ती रोजची गोळी नसते. त्या औषधांवर असताना दाढ काढली तर जबड्याचं हाड भरून न येता उघडं पडू शकतं. तसंच पूर्वी तोंडाला किंवा मानेला रेडिएशन झालं असेल तर कितीही वर्षं होऊन गेली असली तरी कोपऱ्यावरच्या क्लिनिकात दाढ उपटून घ्यायची नाही.

भाच्याच्या अपघाताबद्दल थोडक्यात. हेल्मेट होतं पण अर्धं, कान उघडे ठेवणारं. कॅज्युअल्टीत डोक्याचा सीटी नॉर्मल आला म्हणून सगळे सुटकेचा श्वास टाकत होते, तो मात्र सारखा म्हणत होता, "मामा, माझे दात बसत नाहीयेत." हे वाक्य ऐकलं की ओरल सर्जनला बोलवायला सांगायचं, कारण दात पूर्वीसारखे जुळत नाहीत म्हणजे बहुधा जबडा कुठेतरी तुटलाय. खालचा ओठ बधिर असेल तर आणखी एक पुरावा. सर्जन येऊन आधी वरचे-खालचे दात तारेने एकत्र बांधतात, मग गरज असेल तर आतून टायटॅनियमच्या छोट्या प्लेटा लावतात. भाच्याचे दात दोन आठवडे बांधलेले होते, ताक, पेज, वरणाचं पाणी, मिक्सरमधून काढलेली खिमट, सगळं गालाच्या फटीतून. घरी येताना तार कापायचा कटर सोबत दिला होता, रात्री उलटी झाली आणि श्वास अडकला तर पटकन कापायला. ताई तो कटर देवासमोर ठेवायची.

इथे पैशाचं बोलून घेतो. साध्या मेडिक्लेममध्ये दातांचं काम सहसा बसत नाही, पण अपघातामुळे अॅडमिट होऊन केलेलं जबड्याचं ऑपरेशन बहुतेक पॉलिसीत बसतं, म्हणून डिस्चार्ज पेपरवर अपघात, तारीख आणि फ्रॅक्चर स्पष्ट लिहून घ्या. आयुष्मान भारत किंवा महात्मा फुले योजनेत चेहऱ्याच्या फ्रॅक्चरसारखी ऑपरेशन्स असतात, हॉस्पिटल योजनेत असेल तर तिथे आरोग्यमित्राचं टेबल असतं, अॅडमिट होतानाच रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटायचं, बिल भरून झाल्यावर नाही.

एका बाबतीत मात्र सर्जन शोधत बसायचं नाही. दाढेची सूज जबड्याखाली मानेकडे उतरली, थुंकी गिळता येईना, लाळ गळतेय, आवाज तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा येतोय, जीभ वर उचलली गेलीय, तर थेट मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. १८३६ साली लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने याचं वर्णन करून ठेवलंय, तेव्हा याने माणसं पटापट जायची, आजही श्वासनलिका दाबली गेली तर तासांचा खेळ असतो. डेंटल क्लिनिक उघडायची वाट बघायची नाही.

मुलाखत घेतल्यासारखं वाटलं तरी चालेल, पण ठरवायच्या आधी विचारायचंच: काम तुम्ही स्वतः करणार की बाहेरून कोणी येणार? आपल्याकडे बरेच ओरल सर्जन स्वतःचं दुकान न मांडता क्लिनिक ते क्लिनिक फिरतात, डिकीत हत्यारांची पेटी आणि ड्रिलचं मशीन घेऊन, सकाळी कोथरूड, दुपारी हडपसर, संध्याकाळी चाकण. यात वाईट काही नाही, उलट तालुक्याच्या गावांना त्यामुळेच सर्जन मिळतो. फक्त त्याचं नाव आणि विषय आधी कळला पाहिजे आणि खुर्चीत बसायच्या आधी त्याने तुमचा ओपीजी बघितलेला पाहिजे. तोंडातली भूल पुरणार की पूर्ण भूल लागणार तेही विचारा. पूर्ण भूल असेल तर हॉस्पिटल आणि वेगळा भूलतज्ज्ञ हवाच, आणि सहा तास आधीपासून पोटात काही नाही. नुसती इंजेक्शनची भूल असेल तर उलट जेवून जायचं, मी उपाशी गेलो होतो आणि खुर्चीत चक्कर आली.

माझी मुळं निघाली पस्तीस मिनिटांत, त्यातली वीस मिनिटं भूल चढायची वाट बघण्यात. तीन टाके. पाऊण तास बोळा चावून धरायचा, दिवसभर चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉ नाही, पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी. हे सगळं यासाठी की खड्ड्यात जी रक्ताची गुठळी बसते तिनेच जखम भरते, ती निघाली तर दोन-चार दिवसांनी कानापर्यंत जाणारी कळ सुरू होते, त्याला ड्राय सॉकेट म्हणतात, आणि सिगारेटवाल्यांना ती जास्त होते.

मॅडमनी निघताना कागदाच्या मागे स्वतःचा नंबर लिहून दिला आणि म्हणाल्या रात्री रक्त थांबलं नाही तर यावरच करा, क्लिनिकच्या लँडलाइनवर नको, तो आठनंतर कोणी उचलत नाही. फिरत्या सर्जनकडून काम करून घेणार असाल तर हा नंबर मागूनच घ्या, कारण साडेसहाला तो चाकणच्या रस्त्याला लागलेला असतो आणि भूल उतरते साधारण नऊ वाजता.